आईच्या नावानं सापडावं म्हणून

सायली, ओंकार,

निमाआजीचं दिवसकार्य आटोपून मी लातूरहून नांदेडला परत आले, त्याच रविवारी तुम्ही दोघं फोनच्या पडद्यावर दिसलात. सायलीनं विचारलं, "आजी, निमाआजी नेमकं करायची काय?" भेटायला आलेले सगळे तिला गणिताच्या बाई म्हणत होते आणि ते खरंच आहे. पण ओंकार म्हणाला की तिनं त्याला एकदा डेटाबेसबद्दल असं काही सांगितलं होतं, जे त्याच्या ऑफिसात अजून कोणी सांगितलेलं नाही. मी सांगायला सुरुवात केली आणि तुमच्याकडे कुणाची तरी निघायची वेळ झाली. तोडक्यामोडक्या सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं, म्हणून बसले आहे.

आणखी एक कारण आहे. निमाचा जुना विद्यार्थी महेश लातूरच्या एका मोठ्या क्लासचे कंप्युटर सांभाळतो. त्यानं मला एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न निमानं त्या कंप्युटरमध्ये करून ठेवलेल्या एका गोष्टीचा आहे: ती ठेवायची की काढून टाकायची. उत्तर मी द्यायचं असं निमानंच सांगून ठेवलं आहे. तिच्याशी वाद घातल्याशिवाय मी असलं काही आजवर ठरवलेलं नाही. म्हणून पुढचं मी तिलाच लिहिते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

निमा,

तुझी खोली आवरली. तू असतीस तर म्हणाली असतीस, अक्का येऊन गेली, आता मला माझीच वस्तू सापडायची नाही. हे वाक्य तू मला आयुष्यभर ऐकवलंस. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं चिकटवलेली असतात, याची तू पाहुण्यांपुढे चेष्टा करायचीस. "अक्काकडं साखर संपली तरी तिची चिठ्ठी जागेवर असते." मी म्हणायचे, तुझ्याकडे हळदीच्या डब्यात हळद असेल याचीच खात्री नाही. मग तू मिसळणाचा डबा पुढे सरकवायचीस. "रोज लागतं ते हाताशी आहे. बाकीच्याला चार डबे उघडले तर काय बिघडलं?"

आता एकटी आवरताना वाटलं, आपला सगळा वाद एवढाच होता. वस्तू चटकन सापडावी असं दोघींनाही वाटायचं. माझं म्हणणं, त्यासाठी वस्तूनं आपल्या जागेवर बसावं. तुझं म्हणणं, शोधणारा पहिला हात कुठं घालणार ते आधी बघावं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, तू गणित शिकवलंस. मी मामांकडे हैदराबादला राहून इंग्रजीत शिकले, तू कंधारच्या शाळेतून सरळ लातूर गाठलंस. घरच्यांना वाटायचं, या दोघी बोलतात तरी काय एवढं. बोलायचो हेच.

मला वाटतं सुरुवात माझ्या लग्नात झाली. कंधारच्या मांडवात ताटात तांदूळ पसरले होते आणि त्यावर अंगठीनं माझं सासरचं नाव लिहिलं होतं. तू परकर-पोलक्यात, माझ्या मांडीला टेकून. अक्षरं तू नुकतीच लावायला शिकली होतीस. "सुनंदा कोण?" तू विचारलंस. बायका हसल्या. म्हणाल्या, तुझी अक्काच की, आता इंदू नाही म्हणायचं. तू ताटात हात घातलास आणि ते नाव विस्कटून टाकलंस. मावशीनं तुझ्या पाठीत धपाटा दिला. तू रडत रडत म्हणालीस, "तिला नाव हाय की." मग तांदूळ सारखे करून पुन्हा लिहिलं.

मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. चाल होती, आईचंही नाव बदललं होतं. पगार सुनंदाच्या नावानं निघाला, पुस्तकांवर सही सुनंदाची झाली, आणि हळूहळू मी सुनंदा झाले. अक्का म्हणायचीस तू एरवी. रागावलीस की मात्र इंदू. आणि तू लग्न का केलं नाहीस, असं कोणी विचारलं की तू माझ्याकडं बघून म्हणायचीस, "माझं नाव मला आवडतं." लोकांना ती गंमत वाटायची.

मग भूकंप झाला. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका संपवून लोक नुकते झोपले होते. नांदेडला आमच्याही मांडणीवरची भांडी वाजली, पण खरं काय झालं ते कळायला सकाळ उजाडावी लागली. तुझा फोन आला. मला वाटलं होतं, तू घाबरलेली असशील. तू म्हणालीस, "मी बरी आहे. इथं दवाखान्यात माणसं सापडेनात. तुझी कोरी कार्डं असतील तेवढी घेऊन ये."

मी ग्रंथालयातल्या कोऱ्या कार्डांचे गठ्ठे पिशवीत भरले आणि अहमदपूरमार्गे जाणारी गाडी पकडली. अहमदपूरच्या स्टँडवर लोक खिडकीतून भाकरीची गाठोडी आत देत होते, तिकडं पोचवा म्हणून. कंडक्टरनं मधल्या जागेत ती रचून ठेवली.

तू दवाखान्याच्या दाराशी टेबल टाकून बसली होतीस. आत ढिगाऱ्यांतून काढून आणलेली माणसं, बाहेर त्यांना शोधणारी. दर थोड्या वेळानं कुणी तरी नाव घेऊन आत जायचं आणि वॉर्डावॉर्डात हाका मारत फिरायचं. मी बिस्किटांची रिकामी खोकी मागवली आणि काम लावून घेतलं. एका माणसाचं एक कार्ड. आधी आडनाव, मग गाव, मग नाव, खाली वॉर्ड. आडनावाप्रमाणे लावलेली. दुपारपर्यंत चांगलं चालू झालं. माणूस यायचा, आडनाव-गाव सांगायचा, आपण खोक्यात बोट घालून तेवढीच चार-दोन कार्डं वर काढायचो. तूही म्हणालीस, अक्का, हे बेस झालं.

आणि मग ती बाई आली. कंधारकडची, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. तुला गावाकडची बोली ऐकून बरं वाटलं, तू तिला पाणी दिलंस. लेकीला शोधत आली होती. आडनाव सांगितलं, लेकीचं सासरचं गाव सांगितलं. मी कार्डं काढली. त्या गावात ती सगळी भावकीच, एका आडनावाची. त्यात पाच-सहा बायकांची कार्डं होती. मी विचारलं, नाव?

"गोदावरी."

मी ती कार्डं पुन्हा पाहिली. गोदावरी नव्हती. मी नाही म्हटलं. ती बाई हलली नाही.

"बगा की वो नीट. गोदा. माजी थोरली."

मागं रांग होती. मागचे लोक हळूच पुढं सरकत होते. मी म्हटलं, मावशी, इथं नाहीत, सोलापूरलाही नेलंय लोकांना, तिथं विचारा. ती बरं म्हणाली. तिचं ते बरं म्हणणं माझ्या अजून लक्षात आहे. जसं दुकानदारानं माल संपला म्हटल्यावर म्हणतात तसं. ती वळली, तेव्हा तू खुर्चीवरून उठलीस.

"मावशी, लग्नात नाव बदललं होतं का तिचं?"

"बदललं की."

"काय ठेवलं?"

ती बाई उभी राहिली. आठवायला लागली. तिच्या ओठांवर काही येईना. "ठेवलं हुतं बगा कायतरी. जावयाच्या घरचे म्हनत्यात. म्या तर गोदाच म्हनते." आणि मग ती पहिल्यांदा रडली. लेक सापडेना म्हणून नाही. लेकीचं नाव आठवेना म्हणून.

तू माझ्या हातातली ती पाच-सहा कार्डं घेतलीस आणि तिला घेऊन आत गेलीस. कार्डावरच्या खाटांपुढं एकेक करून तिला उभं केलंस. लक्ष्मी म्हणून लिहिलेली बाई होती, तिचा पाय बांधलेला होता. तिला गावच्या शेजाऱ्यांनी आणलं होतं आणि त्यांनी त्यांना माहीत असलेलं नाव सांगितलं होतं. तू मला नंतर सांगितलंस: आई खाटेच्या कडेला बसली आणि लेकीच्या केसांतली माती बोटांनी काढायला लागली.

तू परत आलीस ती कोऱ्या कार्डांचा गठ्ठा उचलूनच. "अक्का, बायकांचं दुसरं कार्ड करायचं. माहेरचं नाव, माहेरचं गाव. वेगळ्या खोक्यात."

मी नको म्हटलं. आजही कारणं सांगते, कारण ती चुकीची नव्हती. कार्डं संपत आली होती. प्रत्येक बाईमागे दोन कार्डं म्हणजे लिहिणं दुप्पट. त्यात खाट बदलली, दुसऱ्या गावी हलवलं, की दोन्ही ठिकाणी खोडायला हवं. एका ठिकाणी खोडायचं राहिलं तर ते कार्ड खोटं बोलणार, आणि खोटं कार्ड हे नसलेल्या कार्डापेक्षा वाईट. शिवाय सगळी कार्डं चाळली असती, एकेकीला जाऊन विचारलं असतं, तर गोदा सापडलीच असती.

"चाळायला वेळ होता का तुला?" तू म्हणालीस. "म्हणून तर तू नाही म्हणालीस तिला. हळू उत्तर म्हणजे नाहीच म्हणणं असतं, इंदू."

मग मी लिहायला लागले. खोडायचं काम तू घेतलंस. कुणाची खाट बदलली की तू दोन्ही खोक्यांकडं धावायचीस, त्या दिवसांत एकदाही चुकली नाहीस. कार्डं संपल्यावर वह्यांचे पुठ्ठे कापले. माहेरच्या खोक्यात हात घालणारे थोडेच होते. पण जे होते, त्यांच्याकडं विचारायला दुसरं काही नव्हतं.

सायली-ओंकार, डेटाबेसचं इंडेक्स म्हणतात ते हेच. ओंकारला ठाऊक आहे, सायलीसाठी लिहिते. नोंदी एका जागी असतात, त्या तिथंच राहतात. त्यांच्या शेजारी एक छोटी सूची ठेवायची, एखाद्या क्रमानं लावलेली, आणि तिच्यात एवढंच लिहायचं की अमुक नोंद तमुक ठिकाणी आहे. सूची असेल तर कंप्युटर तिच्यात बोट घालतो. नसेल तर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत प्रत्येक उघडून बघतो. उत्तर दोन्हीकडं तेच येतं. फक्त एकात माणूस खिडकीपाशी उभा असताना येतं, आणि दुसऱ्यात तो निघून गेल्यावर.

पुढच्या वर्षांत, निमा, तुझं लातूर ओळखू येईनासं झालं. तुझ्या गल्लीत ज्याच्या घरी खोली होती त्यानं खाटा टाकल्या, ज्याच्याकडं गच्ची होती त्यानं पत्रे टाकले. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला मुलं कुठून कुठून यायची. पहाटेपासून सायकली, मेसचे डबे, भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो. तू म्हणायचीस, "आधी आमच्या गावाला लोक भूकंपाचं म्हणून ओळखायचे, आता मार्कांचं म्हणून." तू शाळेतून निवृत्ती घेतलीस, कंप्युटर शिकलीस, आणि क्लास चालवणाऱ्या तुझ्या जुन्या सहकाऱ्यानं तुला बोलावलं. त्यांचा सगळा कारभार कंप्युटरवर होता, आणि तो कंप्युटर चाचणीच्या निकालाच्या दिवशी अडून बसायचा. सरांचं म्हणणं, मोठं मशीन घेऊ. तू म्हणालीस, मला आधी चौकशीच्या खिडकीपाशी बसू द्या.

मी त्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आले होते आणि तुझ्यासोबत जाऊन बसायचे, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून. खिडकीतल्या मुलीला पालक काय विचारतात ते तू ऐकत होतीस, सुपारी कातरत. कंप्युटरला हात लावला नाहीस. सरांना वाटलं असेल, बाईंना बोलावून चूक झाली.

"नंबर सांगा काका," ती मुलगी म्हणायची.

"नंबर बिंबर नाय ठावं. अहमदपूरचा हाय पोरगा. जाधवाचा."

"नावानं शोधलं की मशीन झोपतंय हो काका."

"मग उठवा की त्याला. आम्ही पहाटंपासून जागंच हाव."

सगळी रांग हसली, पण मशीन उठलं नाही. तुझ्या ध्यानात आलं की सूची होती, पण ती रोल नंबरावर. रोल नंबर क्लासला ठाऊक, बापाला नाही. बाप गाव सांगतो, मग आडनाव, मग पोराचं नाव. त्यात प्रोग्राम लिहिणाऱ्यानं असं करून ठेवलं होतं की जाधव हा शब्द नावाच्या पट्टीत कुठंही, मधे, शेवटी, असेल तिथं शोधायचा. तू घरी येताना मला म्हणालीस, "अक्का, तुझ्या ग्रंथालयात कोणी येऊन म्हणालं, पुस्तकाच्या नावात कुठंतरी 'नदी' आहे, तर तू काय करशील?" मी म्हटलं, मला प्रत्येक कार्ड वाचावं लागेल. "तेच तो करून राहिलाय बिचारा. दर जाधवाला."

तुला सगळ्यात आवडली ती एक सोय. कंप्युटरलाच विचारता यायचं की बाबा, हे तू कसं शोधणार आहेस, आणि तो सांगायचा: सूचीतून जाईन, किंवा सगळं वाचत बसेन. तू मला ते लहान मुलासारखं दाखवलंस. "माणसांना असं विचारलं तर राग येतो बघ. हा सरळ सांगतो."

तू सूची केलीस: आधी गाव, मग आडनाव, मग नाव, त्याच क्रमानं. क्रम का महत्त्वाचा ते मीच तुला सांगितलं, एवढं श्रेय मी घेते. लेखकाच्या नावानं लावलेल्या खणात पुस्तकाच्या नावानं काही सापडत नाही. पहिली गोष्ट ठाऊक असेल तरच दुसरी उपयोगी. आणि मधला शब्द शोधण्याऐवजी आडनाव सुरुवातीपासून जुळवायचं, असा प्रोग्राम बदलून घेतलास. पुढच्या निकालाला रांग रस्त्यापर्यंत गेलीच नाही. सरांनी नवं मशीन घ्यायचं रद्द केलं आणि तुला पेढे पाठवले. ते पेढे या दोघांच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, एका बैठकीत संपवले.

मग तुझ्या अंगात आलं. फॉर्मवर दिसेल त्या रकान्यावर तू सूची करत सुटलीस. जन्मगाव, आधीची शाळा, वडिलांचा व्यवसाय, रक्तगट, आईचं नाव. शोधणं कसं पळतंय ते मला फोनवर सांगायचीस. आणि प्रवेशाचा आठवडा आला. एक फॉर्म भरून बटण दाबलं की कंप्युटर विचार करत बसायला लागला. साहजिक होतं. एक नवं नाव आलं की त्याला प्रत्येक सूचीत जागा करून द्यायची. मला तू हे सांगितलंस तेव्हा मी हसले, आणि तू फोन ठेवलास. पुन्हा केलास तेव्हा म्हणालीस, "कार्डं दोन ठिकाणी खोडायची तर आहेतच, इंदू, माझ्या ध्यानात आलंय." जास्तीच्या सगळ्या काढून टाकल्यास. आईच्या नावाचीसुद्धा. कोणी विचारत नव्हतं त्या नावानं.

मला वाटलं, वाद मिटला. जिंकले असंच वाटलं, खरं सांगायचं तर.

त्यानंतरच्याच दिवाळीच्या आधी मी परत तुझ्याकडं होते, आणि त्या दिवशी निकाल होता. हिमायतनगरकडची एक म्हातारी खिडकीशी आली. तिच्याकडं फोन नव्हता, एका चिठ्ठीवर क्लासचं नाव लिहून कोणी तरी तिला गाडीत बसवून दिलं होतं.

"पिंकीला बोलवा. तिची माय दवाखान्यात हाय."

खिडकीतल्या मुलीनं विचारलं, पिंकीचं खरं नाव काय? म्हातारीला ते येत नव्हतं; घरात पिंकीच म्हणायचे. आडनाव जाधव. गाव? जावई नोकरीच्या बदलीनं गावोगाव फिरणारे, फॉर्मवर त्यांनी कुठलं गाव लिहिलं असेल तिला काय ठाऊक. रांग थांबली होती. म्हातारी म्हणाली, "माज्या वैशालीची पोर वो. वैशालीची."

त्या मुलीचाही दोष नव्हता. तिला माहीत होतं, आईच्या नावानं शोध टाकला तर सगळ्या खिडक्या अडकतात. ती म्हणाली, आजी, गर्दी कमी झाल्यावर या, संध्याकाळी.

"बरं," म्हातारी म्हणाली.

मी तुझ्याकडं बघितलं. तू आधीच उठली होतीस. म्हातारीला आत घेतलंस, खुर्ची दिलीस, आणि स्वतः टाइप केलंस: आईचं नाव वैशाली, आडनाव जाधव. सगळं थांबलं. खिडक्यांवर ओरडाआरडा सुरू झाला, सर धावत आले. तू पडद्यावरून नजर काढली नाहीस. म्हातारीला एवढंच म्हणालीस, "सगळी पोरं बघून राहिलाय तो. बसा जरा." काही वेळानं तीन नावं आली. त्यातल्या तिसऱ्या नावाच्या मुलीच्या वर्गात निरोप गेला आणि एक दोन वेण्यांची मुलगी आजीला बघून दारातच थबकली. संध्याकाळच्या गाडीनं दोघी गेल्या. तिची आई बरी झाली असं पुढं कळलं.

घरी येताना तू म्हणालीस, "गोदाची आई आठवते?" मी हो म्हटलं. तेवढंच. दुसऱ्या दिवशी तू आईच्या नावाची सूची परत घातलीस: आधी आईचं नाव, मग आडनाव.

आणि तिथून आपला शेवटचा वाद सुरू झाला, तो संपलाच नाही. मी म्हणायचे, एका म्हातारीसाठी? ज्या खणाला वर्षभर कोणी हात लावत नाही तो ग्रंथपाल ठेवत नाही. कंप्युटर सांगतोच ना, कुठली सूची कितीदा वापरली? बघ आणि ठरव. तू म्हणायचीस, "कितीदा हे विचारू नको. ज्याला दुसरा रस्ताच नाही तो कोण, हे विचार." मी म्हणायचे, तसा विचार केला तर तू पुन्हा सगळ्या रकान्यांवर सूच्या घालशील. तू म्हणायचीस, नाही घालणार, ही एकच. दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात हेच. ओंकार, तुला तिनं हेच सांगितलं असेल: किती वेळा वापरतात ते मशीन सांगतं, कोण वापरतं ते खिडकीपाशी बसून कळतं.

शेवटी शेवटी, दवाखान्यात, तू मला इंदूच म्हणायला लागली होतीस. रागावलेली नव्हतीस. मी "काय गं" एवढंच म्हणायचे, आणि तू "काही नाही" म्हणायचीस. मला विचारायचं होतं: भूकंपात त्या बाईला तू लग्नातल्या नावाचं विचारलंस, ते तुला सुचलं कसं? उत्तर मला ठाऊक आहे असं वाटतं. ताटातल्या तांदळात घातलेला तो लहान हात मला दिसतो. पण विचारायचं राहिलं. आणि मला त्या नावानं हाक मारणारं आता कोणी नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. आहे ते लिहिते.

आता महेशचं. क्लास नव्या सर्व्हरवर जातो आहे. सगळं तपासून, नको ते टाकून द्यायचं चाललंय. आईच्या नावाची सूची जवळजवळ न वापरलेली निघाली. तो म्हणाला, "बाईंनी सांगून ठेवलंय, ही काढायची झाली तर आधी अक्कांना विचार."

मी म्हटलं, मला का? मी तर पहिल्यापासून विरोधात आहे.

"तेच म्हणाल्या त्या. म्हणाल्या, तिच्याइतकं कडक कोणी तपासायचं नाही. ती ठेव म्हणाली तर ठेव."

मग मी कडकच तपासलं, निमा. तुझ्या आठवणीनं ठेवायची असती तर तुझा फोटो पुरे होता. महेशला सांगितलं, ती सूची काढून फॉर्म भरून बघ, घालून भरून बघ, आणि फरक सांग. त्यानं बघितलं. म्हणाला, आताच्या मशीनवर कळतसुद्धा नाही. जागा किती खाते? नगण्य. वापरली केव्हा केव्हा? त्यानं शोधून काढलं. थोड्या वेळा. बहुतेक फोनवरून आलेल्या बायका: कुणाची आजी, कुणाची मावशी, एक आई, जी बरीच वर्षं माहेरी राहते आणि मुलीचा फॉर्म तिनं भरलेलाच नव्हता. मी विचारलं, सूची नसती तर? महेश म्हणाला, शोधता आलं असतं, पण वेळ लागतो म्हणून आमचे लोक रोल नंबर आणा म्हणाले असते.

म्हणजे नाहीच म्हणाले असते.

मी त्याला आणखी विचारलं, बाकी कुठल्या पडून आहेत? दोन निघाल्या, त्यानंच मागं कधी तरी घातलेल्या; एक वडिलांच्या व्यवसायाची आणि एक जन्मगावाची. तो जरा ओशाळला. आज सकाळी फोन करून उत्तर दिलं. म्हटलं, त्या दोन्ही काढ. निमाची राहू दे.

माझं मत बदललं असं समजून हसू नकोस. न लागणारा खण ठेवू नये हे मी आजही म्हणते. हा लागतो, एवढंच.

तुझी पुस्तकं शाळेला दिली. मोपेड शेजारच्या बाईंनी नेली. मिसळणाचा डबा मी नांदेडला आणला आहे आणि त्यावर नाव चिकटवलेलं नाही. खोलीची किल्ली घरमालकाला परत केली. आणि लातूरच्या त्या क्लासमध्ये, खिडकीशी उभं राहून कोणी नुसतं आईचं नाव आणि आडनाव सांगितलं, तरी मूल सापडतं.